भगंदर, लाज आणि विरघळणारे इम्प्लांट

साखर वाढली, रक्तदाब वाढला, छातीत दुखले, तर आपल्या वस्तीत चार घरांना कळते. कुणाला दवाखान्यात नेले की शेजारीण येऊन पोरांना जेवू घालते. पण संडासच्या जागी गळू झाले, तिथून पू येतो, कपड्याला डाग पडतो, हे नवरा बायकोला सांगत नाही आणि बायको नवऱ्याला सांगत नाही. विहारात आम्ही तपासणीला बसतो तेव्हा माणूस आधी गुडघेदुखी सांगतो, मग ॲसिडिटी सांगतो आणि उठून दारापाशी गेल्यावर हळूच म्हणतो, "अजून एक होतं, तिकडचं." तिकडचं म्हणजे काय, हे आता आम्हाला लगेच समजते.

हे 'तिकडचं' आपल्याकडे मूळव्याध या एकाच नावात जमा होते. खरे तर त्यात निरनिराळे आजार असतात. मूळव्याधीत आतल्या रक्तवाहिन्यांचे कोंब फुगतात, संडासला बसल्यावर ताजे लाल रक्त पडते आणि बहुधा दुखत नाही. फिशर म्हणजे चीर. कडक संडास झाली की तिथली नाजूक कातडी फाटते आणि नंतर तासभर आग होत राहते. भगंदर याहून वेगळा. गुदद्वाराच्या आतल्या कडेला बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबते, तिच्यात जंतू वाढतात, पू साठतो आणि बाजूला ठणकणारे गळू येते. गळू फुटले किंवा डॉक्टरांनी फोडले की ठणका थांबतो आणि माणूस म्हणतो, सुटलो. पण बऱ्याच जणांचे आतले तोंड बंद होत नाही. आतून बाहेरच्या कातडीपर्यंत एक बोगदा तयार होतो. तो मधूनमधून बंद झाल्यासारखा वाटतो, पुन्हा फुगतो, पुन्हा वाहतो. असे वर्षानुवर्षे चालते. दिवसभर सीटवर बसणारा रिक्षावाला, चार घरची धुणीभांडी करणारी ताई, झाडू घेऊन उभा असलेला सफाई कामगार, सगळे कपड्यात फडक्याची घडी ठेवून कामावर जातात.

हा आजार घाणेरडेपणामुळे, वाईट चालीमुळे किंवा मागच्या जन्मीच्या पापामुळे होत नाही. राजालाही होतो. विनयपिटकातल्या महावग्गात मगधाचा राजा बिंबिसार याला भगंदर झाल्याची हकिगत आहे. त्याच्या वस्त्रांना रक्ताचे डाग पडत आणि राण्या त्यावरून त्याची थट्टा करीत, महाराजांना पाळी आली म्हणत. राजा लाजून गेला. शेवटी त्याने राजपुत्र अभयाला सांगितले आणि अभयाने जीवकाला पाठवले. जीवक कोण? गणिकेच्या पोटी जन्मलेला, सुपात घालून उकिरड्यावर टाकलेला, अभयाला जिवंत सापडला म्हणून वाढलेला आणि तक्षशिलेला सात वर्षे वैद्यकी शिकून आलेला. त्याने नखात औषध नेले, लेप लावला आणि राजाला बरे केले, असे महावग्ग सांगतो. एका लेपाने भगंदर बरा होतो हे आज कुणी मानू नये. पण राजालाही या आजाराची लाज वाटली आणि ती टाकून त्याने वैद्याला दाखवले, एवढे त्या कथेतून घ्यायला हरकत नाही.

त्याच ग्रंथात औषधांच्या प्रकरणात आणखी एक प्रसंग आहे, जो आम्हाला याहून मोलाचा वाटतो. राजगृहात आकाशगोत्त नावाचा वैद्य एका भिक्खूच्या भगंदरावर शस्त्र चालवत होता. तथागत तिथून जात होते. वैद्याने त्यांना हाक मारली आणि त्या आजारी भिक्खूच्या जागेची घोरपडीच्या तोंडाशी तुलना करून तमाशा दाखवावा तसे दाखवले. तथागत एक शब्द न बोलता माघारी फिरले. नंतर भिक्खूंना जमवून त्यांनी त्या जागी शस्त्र चालवायला मनाई केली. कारणे तीन दिली: तिथली कातडी नाजूक असते, जखम लवकर भरत नाही आणि तिथे शस्त्र सांभाळून चालवणे अवघड असते.

आजच्या कुठल्याही सर्जनला ही तीन कारणे सांगा, तो मान डोलावेल. सगळे विज्ञान आमच्या ग्रंथात आधीच होते, असा दावा करायला आम्ही हे सांगत नाही. तसले दावे करणारे या देशात पुष्कळ आहेत. आणि बुद्धांनी मना केले म्हणून ऑपरेशन नको, असाही अर्थ कुणी काढू नये. त्या काळी भूल नव्हती, अँटिबायोटिक नव्हते, एमआरआय नव्हता. सांगायचे एवढेच की प्रश्न जुना आहे आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

प्रश्न असा. संडास धरून ठेवणारा एक गोल स्नायू तिथे असतो, पिशवीच्या तोंडाला नाडी असावी तसा. खरे तर एकात एक असे दोन स्नायू असतात. भगंदराचा बोगदा पुष्कळदा या स्नायूतून जातो. बोगदा वरवरचा असेल तर सर्जन तो उघडा करतो, जखम तळापासून भरून येते आणि दहांपैकी नऊहून जास्त रुग्ण बरे होतात. त्याला कसलेही महागडे साधन लागत नाही. पण बोगदा खोल असेल, स्नायूचा मोठा भाग त्याच्या वर असेल, तर तो उघडताना स्नायू कापला जातो. मग पू थांबतो, पण वारा धरवत नाही, पातळ संडास धरवत नाही. बाळंतपणात आधीच स्नायू फाटलेल्या बाईला तर हा धोका जास्त. सार्वजनिक संडासच्या रांगेत उभे राहणाऱ्या माणसाला शौचावर ताबा नसणे म्हणजे काय, हे बंगल्यात राहणाऱ्याला समजणार नाही. तीन बोगद्यांचा भगंदर परवडला, पण हे नको.

म्हणून जगभरचे सर्जन स्नायू न कापता बोगदा बुजवायचा मार्ग शोधत आले आहेत. विरघळणाऱ्या इम्प्लांटची गोष्ट इथून सुरू होते.

विरघळणारे टाके आपल्या आयाबहिणींना चांगले माहीत आहेत. बाळंतपणात टाके घातले, ते काढायला जावे लागले नाही, आपोआप गेले. पूर्वी असा धागा मेंढीच्या नाहीतर गुरांच्या आतड्यापासून करत, त्याला कॅटगट म्हणत. पुढे १९७० च्या सुमारास कारखान्यात बनवलेले धागे आले. त्यांचे रेणू शरीरातल्या पाण्यानेच हळूहळू तुटतात आणि उरलेले शरीर पचवते. त्यातल्या काहींचे लॅक्टिक ॲसिड होते, जे आपल्या स्नायूंतही तयार होतच असते. हाच माल धाग्याऐवजी बुचाच्या, जाळीच्या किंवा बारीक मण्यांच्या आकारात बनवला की झाले विरघळणारे इम्प्लांट. बोगद्यात बूच बसवायचे, आपल्या पेशींनी त्याच्या छिद्रांत शिरून नवे मांस भरायचे आणि तोवर बुचाने निघून जायचे. घराचा स्लॅब टाकताना खाली फळ्या आणि बल्ल्या लावतात, सिमेंट धरले की काढतात, तसेच. फरक एवढाच की इथे सेंट्रिंग काढायला कुणी यावे लागत नाही.

ऐकायला सोपे आहे, पण जागा वाईट आहे. दिवसातून एकदा-दोनदा तिथून मल जातो, जंतूंची कमतरता नाही, ओल कायम, खोकले-शिंकले तरी दाब येतो. बूच लवकर विरघळले तर पोकळी तशीच राहते. उशिरा विरघळले तर शरीर त्याला काटा रुतल्यासारखे वागवते आणि पुन्हा पू होतो. कित्येकदा ते नुसतेच निसटून बाहेर पडते. म्हणून आता बुचाऐवजी दुसरे आकार शोधले जात आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी विरघळणाऱ्या प्लास्टिकचे सच्छिद्र सूक्ष्म मणी तयार करून, जंतुनाशकासह ते भगंदराच्या बोगद्यात भरता येतील का, यावर काम केले आहे. वाकड्यातिकड्या बोगद्यात मणी कोपऱ्याकोपऱ्यात जातात, बूच जात नाही.

सर्वांत गाजलेले बूच डुकराच्या लहान आतड्याच्या एका थरापासून केलेले होते. डुकराचे? हो. आमच्यातल्या एका ताईंनी हे ऐकून म्हटले, "म्हणजे डुकरं पाळणारा अस्पृश्य आणि त्याच डुकराचं आतडं परदेशातून डबीत आलं की हजारोंचं!" या वाक्यावर आम्हाला भर घालायची गरज वाटत नाही. मेलेले ढोर ओढणे, कातडे कमावणे, आतडे साफ करून तात वळणे, ही कामे ज्यांच्या वाट्याला टाकून त्यांनाच बाटलेले ठरवले गेले, त्याच वस्तूंवर आज प्रयोगशाळा चालतात. पण एक हक्काची बाब लक्षात ठेवा. आपल्या शरीरात कोणत्या प्राण्याची वस्तू घातली जाते आहे, हे रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे. कुणाला चालेल, कुणाला चालणार नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. पूर्ण रासायनिक मालापासून बनवलेले बूचही निघाले आहे. ते साधारण सहा-सात महिन्यांत शरीरात जिरून जाते.

आता मुख्य प्रश्न. याने बरे वाटते का?

२००६ साली अमेरिकेतून पहिले निकाल आले तेव्हा मोठा गाजावाजा झाला. डुकराच्या आतड्याचे बूच वापरलेल्या ४६ रुग्णांपैकी ३८ बरे झाले, असे एका अभ्यासात निघाले. मग जगभर वापर सुरू झाला आणि आकडे घसरत गेले. कुठे निम्मे बरे झाले, कुठे चारांतला एकच. शेवटी ब्रिटनमध्ये ३०४ रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि २०१९ साली तिचा अहवाल आला. कुणाला बूच आणि कुणाला सर्जनच्या पसंतीचा दुसरा उपचार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. वर्षभराने बुचाच्या गटात ५४ टक्के आणि दुसऱ्या गटात ५५ टक्के बरे झालेले दिसले. म्हणजे जवळजवळ सारखेच. खर्च मात्र बुचाचा जास्त.

विरघळणारे म्हणजे चांगलेच, या समजुतीला हृदयाच्या बाबतीतही असाच धक्का बसला आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची विरघळणारी स्टेंट अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये मंजूर झाली. धातूच्या स्टेंटपेक्षा तिच्यात रक्ताच्या गुठळ्या जास्त होतात असे दिसल्यावर सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने तिची विक्री थांबवली. क्रोन नावाच्या आतड्याच्या आजारात होणाऱ्या भगंदरासाठी मूळपेशींचे एक इंजेक्शन युरोपात २०१८ साली मंजूर झाले होते. पुढच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही आणि २०२४ च्या अखेरीस तेही मागे घेतले गेले. कालामांना बुद्धांनी काय सांगितले ते आपण विहारात वाचतो: परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका. त्यात आम्ही 'मशीन परदेशी आहे म्हणून' आणि 'जाहिरातीत लेझर लिहिले आहे म्हणून' हेही धरतो.

हाच निकष आपल्या देशी उपचारालाही लावू. क्षारसूत्र म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर चढवलेला दोरा. तो बोगद्यात ओवतात आणि ठरावीक दिवसांनी बदलतात. आयुर्वेदाचे नाव निघाले की आपले काही कार्यकर्ते कपाळाला आठ्या घालतात. त्यामागचा राग आम्हाला समजतो. पण हा दोरा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेशी तुलना करून तपासला. १९९१ साली छापलेल्या त्या निकालात वर्षभरात आजार उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. बरे व्हायला मात्र दुप्पट वेळ लागला, चार आठवड्यांच्या जागी आठ. तो प्राचीन आहे म्हणून आम्ही त्याला मानत नाही, तपासला गेला आहे म्हणून मानतो. पण हा दोराही स्नायू हळूहळू कापतच जातो. म्हणून तो शिकलेल्या आणि नोंदणीकृत वैद्याकडूनच घालून घ्यावा आणि बोगदा कुठून जातो हे आधी बघून. स्टेशनबाहेरच्या भिंतीवर 'बिना ऑपरेशन, गॅरंटीने' लिहिणारा जो दोरा बांधतो किंवा जे इंजेक्शन मारतो, ते क्षारसूत्र नव्हे. असल्या इंजेक्शनांनी मांस सडलेले आणि गुदद्वार आकसून बोट जाईनासे झालेले रुग्ण सरकारी रुग्णालयांतले सर्जन नेहमी बघतात.

थायलंडचे एक उदाहरण आम्हाला फार आवडते. २००७ साली बँकॉकच्या अरुण रोजनसकुल या सर्जनने एक साधी युक्ती छापली. दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून जाऊन बोगदा तिथेच साध्या विरघळणाऱ्या धाग्याने बांधायचा आणि तोडायचा. स्नायू कापायचा नाही. तिला 'लिफ्ट' म्हणतात. नंतरच्या अभ्यासांत साधारण दहांपैकी सहा-सात रुग्ण तिने बरे झाले. म्हणजे खूप जास्त नाही, पण महागड्या बुचापेक्षा कमी तर नाहीच. आणि यात लागते काय? बाळंतपणात वापरतात तसला टाक्याचा धागा आणि शिकलेला हात.

मग इम्प्लांटवरचे संशोधन सोडून द्यायचे का? आमच्या चळवळीतलेच काही मित्र म्हणतात, "आधी वस्तीला पुरेसे संडास द्या, पाणी द्या, मग ही विरघळणारी चैन." संडासचे त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पहाटेची रांग, तुटलेली कडी, पाणी नाही, रात्री अंधार, म्हणून आपल्या बाया दिवसभर पाणी कमी पितात आणि संडास दाबून धरतात. त्यातून बद्धकोष्ठ, त्यातून चीर आणि मूळव्याध. पण 'आधी हे, मग ते' ही मांडणी आम्हाला मान्य नाही, आणि त्याला कारण आहे.

खात्यापित्या घरचा माणूस गळू ठणकले की दुसऱ्या दिवशी सर्जनकडे जातो. त्याचा भगंदर बहुधा साधा असतानाच उघडला जातो. आपला माणूस येतो तो तीन वर्षांनी, भिंतीवरच्या गॅरंटीवाल्याकडे दोनदा हात दाखवून आणि एकदा कुठेतरी अर्धवट कापून घेऊन. त्याच्या बोगद्याला चार फाटे फुटलेले असतात आणि स्नायू आधीच अर्धा गेलेला असतो. त्याला तिसरा काप सोसणार नाही. स्नायू न कापता भगंदर भरून काढणारे चांगले साधन ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज या माणसाला असेल. ज्याला उशीर होतो त्यालाच अवघड उपचार लागतो. म्हणून हे संशोधन चैन नाही. ते आपले आहे आणि त्यावर आपण हक्क सांगितला पाहिजे.

हक्क सांगायचा म्हणजे काय करायचे? गरिबांची शरीरे या शास्त्राला पहिल्यापासून लागली आहेत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे भगंदराचे ऑपरेशन १६८६ साली झाले. त्याआधी त्याच्या सर्जनने पॅरिसच्या गरीब रुग्णांवर हात साफ करून घेतला, असे सांगितले जाते. राजा बरा झाला, सर्जनला जमीन आणि मानमरातब मिळाला. त्या गरिबांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. उलट उदाहरणही आहे. लंडनमध्ये १८३५ साली फ्रेडरिक सामन या सर्जनने भगंदर झालेल्या गरिबांसाठी सात खाटांचा दवाखाना काढला. तेच पुढे सेंट मार्क्स रुग्णालय झाले. भगंदराचे प्रकार कसे ओळखायचे, याची जगभर वापरली जाणारी वर्गवारी १९७६ साली तिथल्याच सर्जनांनी दिली. गरिबांचे नीट उपचार करता करता शास्त्रही पुढे जाते, ते असे.

आपल्या देशात २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प झाला. कित्येक मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. (ती लस चांगली आहे, आपल्या मुलींना जरूर द्यावी. दोष संमतीच्या पद्धतीत होता.) म्हणून उद्या कुणी डॉक्टर म्हणाले की नवीन इम्प्लांटची चाचणी चालू आहे, भाग घ्या, तर घाबरून पळू नका आणि उपकार समजून अंगठाही देऊ नका. मराठीत लिहिलेले संमतीपत्र मागा, घरी आणा, वाचून घ्या. चाचणीची सरकारी नोंदणी झाली आहे का ते विचारा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई देणे कायद्याने बंधनकारक आहे. मधेच सोडून जायचा हक्क रुग्णाला आहे आणि त्यामुळे त्याचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. आम्ही यात एक मागणी जोडतो. ज्या रुग्णालयातल्या गरिबांवर साधन तपासले, त्या रुग्णालयात ते मंजुरीनंतर गरिबांना मिळाले पाहिजे.

किमतीचेही असेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या व विरघळणाऱ्या स्टेंटला २९,६०० रुपये. त्याआधी रुग्णाला त्यासाठी लाखाच्या वर मोजावे लागत. म्हणजे सरकारला ठरवायचे असेल तर ठरवता येते. इम्प्लांट हृदयाचे असले की वर्तमानपत्रात बातमी येते, गुदद्वाराचे असले की कुणी तोंड उघडत नाही. लाजेचा फायदा असा दुकानदाराला होतो. आपल्याच देशात त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने स्वस्त हृदयाची झडप तयार केली आणि १९९० पासून ती रुग्णांना बसवली जात आहे. डुकराच्या पित्ताशयापासून जखम भरून आणणारे आवरणही त्याच संस्थेने केले आहे. भगंदरासाठी असे काही त्यांनी किंवा मुंबई-पुण्याच्या संस्थांनी सरकारी पैशातून करावे, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत का नसावी? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार झाली आणि तिच्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. आरोग्य हा कामगाराचा हक्क आहे, ही भाषा आपल्याला नवी नाही.

ज्यांना आज त्रास आहे त्यांच्यासाठी थोडे. बसण्याच्या जागी ठणकणारे गळू आणि ताप असेल तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. गळू फोडणे हेच औषध आहे, नुसत्या गोळ्यांनी ते आत पसरते. मधुमेह असेल तर एक रात्रसुद्धा थांबू नका. गळू फोडल्यावर दोन-तीन महिन्यांत तिथून पुन्हा ओल येऊ लागली तर भगंदर झाला का ते बघून घ्या. ऑपरेशन सांगितले तर बोगदा स्नायूच्या किती भागातून जातो, एमआरआय लागेल का आणि नंतर ताबा राहील का, हे तीन प्रश्न विचारा. बूच किंवा लेझर सुचवले तर विचारा, साध्या पद्धतीपेक्षा यात मला काय जास्त मिळणार? चांगला डॉक्टर रागावत नाही. आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर कापलेला तुकडा क्षयरोगासाठी तपासायला सांगा, कारण आपल्या वस्त्यांत टीबी आहे आणि तो तिथेही होतो. आणि संडासवाटे रक्त पडते ते मूळव्याधीचेच असे स्वतःच ठरवू नका. वय चाळिशीच्या पुढे असेल, वजन उतरत असेल, संडासची सवय बदलली असेल, तर आतून तपासणी झालीच पाहिजे. आतड्याचा कर्करोग मूळव्याधीच्या नावाखाली लपतो. बायांना पुरुष डॉक्टरची अडचण वाटत असेल तर स्त्री डॉक्टर किंवा सोबत नर्स मागता येते.

पैशांसाठी थांबू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालये त्यात येत नाहीत, पण तिथेही खर्च खासगीच्या मानाने फार कमी असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. ज्यांच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात त्यांनी ते कार्ड काढून बघावे. कंत्राटी सफाई कामगारांत पैसे कापले जातात पण कार्ड हातात दिलेले नसते, असे आम्हाला पुष्कळदा आढळले आहे. तसे असेल तर ठेकेदाराकडे नंबर मागा. आणि जुने कागद, एमआरआयच्या फिल्म, तपासणीचे रिपोर्ट गादीखाली दुमडून ठेवू नका. एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. पुढच्या सर्जनला आधी काय कापले गेले ते त्यावरूनच कळते.